क्लिनिकल सायकॉलॉजीत डॉक्टरेट: कोकणातून अर्ज करणाऱ्यांसाठी वाटाड्या

मानसशास्त्रात एम.ए. झालं, आता क्लिनिकलमध्ये पीएच.डी. करायची, इथवर बहुतेकांचं ठरलेलं असतं. गडबड पुढे होते. कुठली पदवी कशासाठी, कोणती परीक्षा, कोणता दाखला कोणत्या नमुन्यात, गाईड कधी शोधायचा, ही माहिती दहा ठिकाणी विखुरलेली आहे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात विचारायला या वाटेने गेलेले सीनियर सहज सापडत नाहीत. खालच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम तसा लावला आहे. पहिली पायरी गाळून थेट अर्जाला हात घालू नका.

१. आधी हे ठरवा: रुग्ण बघायचेत की संशोधन करायचंय?

भारतात नुसत्या पीएच.डी.च्या जोरावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. सगळ्यात जास्त वर्षं वाया जातात ती हे माहीत नसल्यामुळे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यातलं कलम १३ नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे. तिचा सारा भर परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमावर आणि देखरेखीखाली घेतलेल्या रुग्णालयीन प्रशिक्षणावर आहे. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातून केलेल्या पीएच.डी.त तुम्ही प्रबंध लिहिता. वॉर्डात रोज केस हिस्टरी घेणं, चाचण्या देणं, थेरपी करून ती सुपरवायझरपुढे मांडणं हा त्या पदवीचा भाग नसतो. त्यामुळे नावाआधी 'डॉ.' लागतं, पण परवाना मिळत नाही.

म्हणून वाटा तीन आहेत.

पहिली वाट: आधी परवाना देणारा अभ्यासक्रम, मग पीएच.डी. आजवर तो अभ्यासक्रम म्हणजे दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं, पण जानेवारी २०२४ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदत दिली. त्यापुढच्या वर्षासाठी कोणी 'एम.फिल.ला सीट आहे' म्हणत असेल, तर यूजीसी आणि परिषद यांचं ताजं परिपत्रक स्वतः वाचल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

दुसरी वाट: साय.डी. हा परिषदेच्या मान्यतेचा, रुग्णसेवेवर भर असलेला डॉक्टरेट अभ्यासक्रम. संस्था मोजक्या, खासगी असेल तर फी भरपूर, पण परवाना आणि डॉक्टरेट एकाच वाटेवर.

तिसरी वाट: सरळ पीएच.डी. कॉलेजात शिकवायचं असेल, संशोधन संस्थेत जायचं असेल तर ही पुरेशी आहे आणि तिच्यात कमीपणा काही नाही. फक्त पुढे चिपळूणला दवाखाना टाकायचं मनात धरून ही वाट घेऊ नका.

कोकणातच राहून रुग्णांसोबत काम करायचं असेल तर आमचा कौल पहिल्या दोन वाटांना. राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे (बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूरला), जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो, आणि अशा ठिकाणच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या जाहिरातीत आधी बघतात तो आरसीआयचा नोंदणी क्रमांक.

मान्यता तपासायची रीत: परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. तिथे संस्थेचं नाव सापडलं म्हणून थांबू नका. मान्यता अभ्यासक्रमागणिक असते. एखाद्या संस्थेला विशेष शिक्षणाच्या बी.एड.साठी मान्यता असते आणि माहितीपत्रकावर ठळक छापलेलं असतं 'आरसीआय मान्यताप्राप्त'. अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, किती जागा आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे तिन्ही जुळवा. शनिवार-रविवारच्या 'क्लिनिकल सायकॉलॉजी डिप्लोमा'च्या जाहिराती या यादीशी ताडून पाहिल्या की बहुतेक आपोआप गळतात.

नावाजलेल्या सरकारी संस्था सांगायच्या तर बंगळूरची निमहान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, आसामात तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बरदलै संस्था, दिल्लीची इहबास आणि आपल्याला जवळची म्हणजे पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था. प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं, प्रवेश परीक्षा वेगळी. वर्षाच्या सुरुवातीपासून त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

२. पात्रता

पीएच.डी.साठी यूजीसीचे २०२२ चे नियम लागू आहेत. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी उत्तीर्ण हवी. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सूट मिळू शकते. चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्क्यांवर थेट पीएच.डी.चं दारही उघडलं आहे, पण क्लिनिकलमध्ये त्याचा उपयोग थोडा, कारण मधलं प्रशिक्षणच राहून जातं.

परिषदेच्या अभ्यासक्रमांना एम.ए. किंवा एम.एस्सी. मानसशास्त्रातलंच लागतं. एम.एस.डब्ल्यू. केलेल्यांनी सायकियाट्रिक सोशल वर्ककडे बघावं, ती वेगळी आणि चांगली वाट आहे.

दूरशिक्षणाने एम.ए. केलेले कोकणात पुष्कळ आहेत. काही संस्था नियमित पद्धतीचीच पदवी मागतात, म्हणून अर्जाआधी जाहिरातीतली ती ओळ शोधा. शिवाय २०२५-२६ पासून मानसशास्त्र दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला यूजीसीने बंदी घातली आहे. अजून एम.ए.ला प्रवेश घ्यायचा असेल तर नियमित कॉलेजच धरा. पीएच.डी. तर दूरशिक्षणाने मुळीच होत नाही, कोणी काहीही सांगो.

कालावधी किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यापुढे पुनर्नोंदणी करून दोन वर्षं मिळू शकतात. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. नोकरीत असाल तर अर्धवेळ पीएच.डी. चालते, पण संस्थेचं ना हरकत पत्र लागतं आणि कोर्सवर्कसाठी, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या वर्गांसाठी सोडू, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. 'आमची हरकत नाही' एवढ्या एका ओळीचं पत्र परत येतं.

३. परीक्षा: नेट की पेट?

शक्य असेल तर दोन्ही द्या. नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांत होते. मानसशास्त्राचा विषय क्रमांक ०४. पहिल्या पेपरात ५० प्रश्न, १०० गुण. दुसऱ्यात १०० प्रश्न, २०० गुण. दोन्ही मिळून तीन तास आणि चुकीला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडणं हा निव्वळ तोटा.

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसह (पीएच.डी. करताना दरमहा मिळणारी केंद्राची अधिछात्रवृत्ती) सगळ्याला पात्र, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेशाला पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशाला पात्र. दुसऱ्या-तिसऱ्या गटात असाल तर प्रवेशासाठी तो गुणांक एकच वर्ष चालतो आणि यादी लावताना नेटला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. निकाल हातात आला की विद्यापीठांच्या जाहिराती लगेच पाहायला लागा. वर्ष बघता बघता संपतं.

पेट म्हणजे विद्यापीठाची स्वतःची परीक्षा. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे मुंबई विद्यापीठाकडे येतात, पण अर्ज तिथेच करायला हवा असं नाही. सावंतवाडी-कणकवलीच्या मुलांना कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ हाताशी आहे, महाड-माणगावच्यांना पुणे. यूजीसीच्या नियमानुसार अशा परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात, आणि मुलाखतीला जायला ५० टक्के गुण लागतात.

विषय सगळ्यांना येतो. पडतात ते संशोधन पद्धतीत. विश्वसनीयता आणि वैधता यांचे प्रकार, एनोव्हा कधी आणि टी-टेस्ट कधी, पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक, नमुना निवडीच्या पद्धती, रिग्रेशनचा तक्ता वाचणं, एवढं पक्कं करा. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि अमेरिकेतली मनोविकारांची निदान-पुस्तिका डीएसएम-५ ची सुधारित आवृत्ती त्याच वर्षी आली. जुन्या गाईडबुकांत अजून आधीचे निकष आहेत, ते पाठ करून जाऊ नका.

४. गाईड शोधणं

जाहिरात आल्यावर शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार एवढेच विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. विद्यापीठाच्या यादीत पंधरा नावं दिसली तरी खरोखर मोकळ्या जागा तीन-चार निघतात.

नावं विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त मार्गदर्शकांच्या यादीतून काढा आणि शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध उघडा. प्रस्तावनेचा शेवटचा भाग आणि संशोधन पद्धतीचं प्रकरण वाचलं की कळतं, हा माणूस क्लिनिकल नमुन्यावर काम करून घेतो की कॉलेजच्या मुलांना प्रश्नावल्या वाटून मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारच्या गाईडकडे क्लिनिकल विषय घेऊन गेलात तर रुग्णालयाच्या परवानग्यांत तुम्हाला कोणाचा हात नसेल.

ईमेल छोटा ठेवा. तुम्ही कोण, एम.ए.चा प्रकल्प कशावर, काय करायचंय, आणि त्यांच्या कोणत्या कामामुळे त्यांना लिहिताय, एवढं दीडशे शब्दांत बसतं. एका पानाची संकल्पना जोडा. बायोडाटाची दहा पानं जोडू नका. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग विभागात फोन. सरांना भेटायला न विचारता कलिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या आवारात जाऊन बसण्यात प्रवास फुकट जाण्याचीच शक्यता जास्त.

आणि 'गाईडने हो म्हटलंय' म्हणजे प्रवेश नव्हे. विद्यापीठ गुणानुक्रमे यादी लावतं, गाईडचं वाटप त्यानंतर होतं.

५. संशोधन प्रस्ताव

यात सगळ्यात जास्त वेळ घाला. दोन ते अडीच हजार शब्द पुरतात: प्रश्न, आधी काय झालंय, उद्दिष्टं, नमुना, साधनं, विश्लेषण, नैतिक बाजू, वेळापत्रक.

पहिला मोह मोठ्या शीर्षकाचा. 'कोकणातील लोकांचे मानसिक आरोग्य: एक अभ्यास' हा विषय नव्हे. कोणते लोक, कोणती अडचण, काय मोजणार, हे शीर्षकातच दिसलं पाहिजे.

कोकणात मात्र विषयांना तोटा नाही. रुग्ण मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचण्याआधी कुठे कुठे जातो? देवाला गाऱ्हाणं घालून, कौल लावून, देवरुषाकडे जाऊन, गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन मग रत्नागिरी. हा प्रवास किती महिन्यांचा आणि कोणत्या वळणावर उशीर होतो, हा मोजता येण्यासारखा आणि उपयोगाचा प्रश्न आहे. मुलं मुंबईला आणि घरात फक्त म्हातारी माणसं, अशा वाड्यांमधलं नैराश्य, खलाशांमधलं दारूचं व्यसन, कर्जावर बाग करणाऱ्या आंबा बागायतदारांची चिंता, हे सगळे विषय इथल्या माणसाला बाहेरच्यापेक्षा सोपे, कारण दार उघडून आत घेतात.

नमुना: 'शंभर स्त्रिया, शंभर पुरुष' असा गोल आकडा लिहिलात की मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो. नमुन्याचा आकार काढून देणारं जी-पॉवर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. अपेक्षित परिणामाचा आकार, ०.०५ सार्थकता पातळी आणि ०.८० पॉवर घालून आकडा काढा आणि गळती धरून १५-२० टक्के वाढवा.

साधनं: नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठीची जीएडी-७ या प्रश्नावल्या वापरायला परवानगी किंवा पैसे लागत नाहीत. बेकची नैराश्य मापनश्रेणी विकत घ्यावी लागते, झेरॉक्स वापरून केलेला प्रबंध पुढे अडचणीत येतो. मराठी आवृत्ती आधी झालेली आहे का ते शोधा. नसेल तर दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचं एकत्रीकरण, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, तज्ज्ञांची तपासणी आणि मग तीस-चाळीस जणांवर चाचणी एवढा क्रम लागतो, त्याला किमान चार महिने धरा. नमुना मालवणी बोलणाऱ्यांचा असेल तर चाचणी त्यांच्यावरच घ्या, पुण्याच्या वर्गमैत्रिणींवर नाही.

परवानग्या: मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९९ संशोधनासाठी रुग्णाची स्वेच्छेने आणि समजून दिलेली संमती मागतं. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. तुम्ही पहिल्यांदाच प्रस्ताव लिहिताय, तर संमती देऊ शकणाऱ्या, बाह्यरुग्ण विभागातल्या माणसांवरच काम आखा. त्याशिवाय संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णालयाची परवानगी. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज जातो आणि तो वरच्या कार्यालयाकडे पाठवला जाऊ शकतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आरोग्य खात्याच्या कोल्हापूर मंडळात येतात, हे लक्षात ठेवून पत्रव्यवहाराचे दिवस धरा.

वेळापत्रक इथल्या वर्षाप्रमाणे आखा. मार्च ते मे बागायतदार भेटणार नाही. जून-जुलैत शेतकरी लावणीत, पण मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असल्याने दर्यावरची माणसं तेव्हाच घरी. शिमगा आणि गणपतीचे दिवस मुलाखतींच्या यादीतून आधीच खोडा. हे तपशील प्रस्तावात दिसले की परीक्षकांना कळतं, उमेदवाराने कागदावर नुसतं '१२ महिने' लिहिलेलं नाही.

६. कागदपत्रं

हे सगळं जाहिरातीच्या आधी गोळा करा:

- दहावी, बारावीची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं
- बी.ए. आणि एम.ए.ची सर्व सत्रांची गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र
- सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर दाखवणारं विद्यापीठाचं पत्र
- विद्यापीठ बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि कॉलेज सोडल्याचा दाखला
- नेट किंवा पेटचा निकाल
- असल्यास आरसीआय नोंदणी प्रमाणपत्र
- अधिवास दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस
- नोकरीत असल्यास ना हरकत पत्र
- नावात बदल असल्यास विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र
- संशोधन प्रस्ताव आणि आधीचा प्रकल्प
- फोटो आणि सही, जाहिरातीत सांगितलेल्या मापाच्या फाईलमध्ये

दाखल्यांत सापळे आहेत. निमहान्ससारख्या केंद्रीय संस्थेत राज्याच्या नमुन्यातला ओबीसी दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. तिथे मराठा उमेदवार अटींत बसत असेल तर ईडब्ल्यूएसमधून अर्ज करतो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. एप्रिलमध्ये तहसीलला जाऊन सेतूच्या रांगेत उभं राहण्याचं काम आधीच डायरीत लिहून ठेवा.

ईडब्ल्यूएसला वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी लागते. कोकणात सातबारा सामाईक असतो, एका उताऱ्यावर पंधरा-वीस हिस्सेदार. एकूण क्षेत्रच बघून दाखला अडायला नको, म्हणून तुमच्या कुटुंबाचा हिस्सा दाखवणारे फेरफार आणि तलाठ्याचा कागद सोबत न्या.

नावाचं बघा. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, लग्नानंतरचं तिसरंच. नेटच्या अर्जात नाव दहावीप्रमाणे भरा आणि बाकी सगळीकडे तेच चालवा.

७. अर्ज आणि प्रवास

शेवटच्या दिवशी अर्ज भरू नका, हे सगळेच सांगतात. जुलैत कोकणात ते दुप्पट खरं. वीज आणि नेटवर्क एकदम जातात. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर दुसऱ्यांदा भरण्याआधी ४८ तास थांबता येईल, एवढा अवकाश ठेवा. अर्ज सायबर कॅफेतून भरत असाल तरी ईमेल आणि मोबाइल स्वतःचा द्या. दुकानदाराच्या ईमेलवर हॉलतिकीट गेलं की ते सापडत नाही.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू असताना गाड्या हळू धावतात आणि घाटात दरड आली की आंबा, कुंभार्ली, आंबोली सगळंच अडतं. परीक्षा-मुलाखतीला आदल्या दिवशी मुक्कामाला पोचा. गौरी-गणपतीनंतरच्या आठवड्यात मुलाखत असेल तर परतणाऱ्या चाकरमान्यांमुळे मुंबईकडचं तिकीट मिळत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तारखेचा अंदाज आला की काढून ठेवा, रद्द करता येतं.

८. मुलाखत

प्रस्ताव पाच मिनिटांत, कागद न बघता सांगता आला पाहिजे. हमखास विचारतात: हाच विषय का, हेच साधन का, परिणाम दिसला नाही तर काय म्हणाल, आणि नमुन्यातला एखादा माणूस आत्महत्येचे विचार असल्याचं बोलला तर काय कराल. शेवटच्या प्रश्नाला 'गाईडना विचारेन' हे उत्तर पुरत नाही. मुलाखत थांबवणं, धोक्याची पातळी विचारून घेणं, एकटं न सोडणं, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देणं, टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक देणं आणि नोंद ठेवणं, हा क्रम प्रस्तावातच लिहा.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. संज्ञा इंग्रजीत आणि बाकी उत्तर साध्या शब्दांत दिलं तरी चालतं. पाठ केलेलं फर्डं इंग्रजी उपप्रश्नाला लगेच उघडं पडतं. परवान्याशिवाय पीएच.डी. करत असाल तर 'मी थेरपी देणार आहे' असं चुकूनही बोलू नका. तुमच्या अभ्यासात उपचार असतील तर ते नोंदणीकृत व्यक्ती देईल, हे आधीच ठरलेलं असू द्या.

९. पैसे

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (तिचाच पुढचा टप्पा) ४२,०००, वर घरभाडं भत्ता. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. जेआरएफला सर्वसाधारण गटात वयोमर्यादा ३० वर्षं, स्त्रिया आणि राखीव गटांना पाच वर्षांची सूट.

जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजांसाठी सारथी, ओबीसी-भटके-विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. कोकणातले कुणबी सारथीच्या लक्ष्यगटात येतात हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. या अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावर मिळतात, जाहिराती दरवर्षी ठरल्या वेळी येतीलच असं नाही, आणि पैसे उशिरा येऊ शकतात. पहिल्या वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च हाताशी धरूनच निघा.

१०. परदेशात अर्ज करायचा असेल तर

अमेरिकेत क्लिनिकल पीएच.डी.ची अंतिम तारीख बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला असते, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, आणि होकार-नकार १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो. विद्यापीठ एपीएच्या, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेचं आहे का ते आधी बघा. पीएच.डी.ला सहसा फीमाफी आणि मानधन असतं, साय.डी. बहुतेक स्वखर्चाने. ब्रिटनमध्ये क्लिनिकल डॉक्टरेट तीन वर्षांची, अर्ज एका सामाईक केंद्रामार्फत, आणि सरकारी पैशांच्या जागा तिथल्या रहिवाशांकडे झुकलेल्या. आपल्याला ती वाट अरुंद आहे.

तीन शिफारसपत्रं लागतात आणि ती प्राध्यापकांनी स्वतः पोर्टलवर चढवायची असतात. काही विद्यापीठं जीमेलवरून आलेली पत्रं मानत नाहीत, म्हणून तुमच्या कॉलेजच्या सरांना संस्थेचा ईमेल पत्ता आधीच सुरू करून घ्यायला सांगा. ट्रान्स्क्रिप्टसाठी (विद्यापीठाने प्रमाणित केलेला गुणांचा उतारा) दोन-तीन महिने धरा. परत येऊन इथला परवाना मिळेलच असं गृहीत धरू नका, जाण्याआधी परिषदेला लेखी विचारा.

११. प्रवेश मिळाल्यावरचे पहिले महिने

किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क, त्यात संशोधन आणि प्रकाशन नैतिकतेचे दोन, आणि उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के. याला हजेरी लागते, गावात राहून होत नाही. प्रबंध देण्याआधी लेख छापून आणण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली आहे. तरीही नोंदणी झाली की पैसे घेऊन आठवड्यात लेख छापून देणाऱ्यांचे ईमेल सुरू होतात, ते उघडूही नका. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते. पहिल्या बैठकीच्या आतच नैतिकता समितीचा अर्ज तयार ठेवा: संमतीपत्र मराठीत, माहितीपत्रक मराठीत, साधनांच्या परवानग्या आणि रुग्णालयाला दिलेल्या अर्जाची पोच. हा अर्ज एखाद्या दुरुस्तीसाठी परत आला तर पुढची बैठक दोन-तीन महिन्यांनी असू शकते, आणि समितीच्या मंजुरीआधी घेतलेली एकही प्रश्नावली प्रबंधात वापरता येत नाही.